रुग्णालयात घडलेला पेशा : क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या प्रशिक्षणाचा इतिहास

मानसशास्त्रात एम.ए. केलेली व्यक्ती आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजेच चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, यांच्यात भारतीय कायदा फरक करतो. एम.ए.नंतर मान्यताप्राप्त संस्थेत दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आणि त्यात मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांसोबत केलेले काम, ही अट २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या व्याख्येतच घातली आहे. ही अट एका दिवसात जन्मली नाही. मतिमंद मुलांच्या शाळा, मनोरुग्णालये, युद्धातून परतलेल्या सैनिकांची इस्पितळे आणि स्वतंत्र भारतातील दोन-तीन संस्था यांतून ती सव्वाशे वर्षांत आकाराला आली. हा पेशा ग्रंथालयात वा प्रयोगशाळेत जितका घडला, त्याहून कितीतरी अधिक तो रुग्णालयाच्या वॉर्डात, अनुभवी माणसाच्या नजरेखाली घडला.

सुरुवात : फिलाडेल्फिया आणि व्हाइनलँड

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मानसशास्त्र ही प्रयोगशाळेतील विद्या होती. जर्मनीत लायपझिग येथे विल्हेल्म वुंट यांच्या प्रयोगशाळेत संवेदना, अवधान आणि प्रतिक्रियाकाल यांची मोजमापे घेतली जात. वुंट यांच्याकडे शिकून अमेरिकेत परतलेले लाइटनर विटमर यांनी १८९६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात, फिलाडेल्फिया शहरात, जगातील पहिले मानसशास्त्रीय क्लिनिक उघडले. अंकलेखनात वा वाचनात मागे पडणारी, शुद्धलेखन न जमणारी, बोलण्यात अडखळणारी मुले तेथे आणली जात. विटमर मुलाची तपासणी करत, शिक्षक आणि पालकांशी बोलत, गरज पडल्यास डॉक्टरांचा सल्ला घेत आणि मग शिकवण्याचा मार्ग ठरवत. विद्यार्थी हे सारे समोर बसून पाहत. १८९७ च्या उन्हाळ्यात त्यांनी चार आठवड्यांचा वर्ग घेतला. प्रत्यक्ष मुले समोर ठेवून तपासणी आणि उपाय शिकवणे, हा त्या वर्गाचा गाभा होता. १९०७ साली त्यांनी काढलेल्या नियतकालिकाच्या पहिल्या अंकात या नव्या शाखेला ‘क्लिनिकल सायकॉलॉजी’ हे नाव मिळाले.

विटमर यांचे विद्यार्थी क्लिनिकमध्ये येऊन शिकत, पण ते तेथे राहत नसत. रुग्णांच्या सहवासात ठरावीक काळ राहून काम शिकण्याची पद्धत न्यू जर्सीतील व्हाइनलँड ट्रेनिंग स्कूलमध्ये सुरू झाली. मतिमंद मुलांच्या या निवासी शाळेत १९०६ साली हेन्री गॉडर्ड यांच्या हाताखाली संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली आणि १९०८ पासून तेथे मानसशास्त्राचे इंटर्न येऊ लागले. आल्फ्रेड बिने यांची बुद्धिमापन चाचणी गॉडर्ड यांनी त्याच सुमारास अमेरिकेत आणली होती. मुलांसोबत राहायचे, त्यांचे वागणे पाहायचे, चाचणी द्यायची आणि निष्कर्ष शाळेच्या शिक्षकांच्या अनुभवाशी ताडून पाहायचे, असा हा क्रम होता.

याच संस्थेच्या इतिहासात अपुऱ्या प्रशिक्षणाचे दुष्परिणामही नोंदलेले आहेत. बुद्धिमांद्य पिढ्यान्‌पिढ्या वारशाने येते, हे सिद्ध करण्यासाठी गॉडर्ड यांनी अल्प प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्या गावोगाव पाठवल्या. त्यांनी माणसांच्या नुसत्या दिसण्यावरून आणि ऐकीव माहितीवरून संपूर्ण कुटुंबांवर ‘मंदबुद्धी’ असा शिक्का मारला. १९१२ साली प्रसिद्ध झालेले ‘द कॅलिकॅक फॅमिली’ हे पुस्तक अशाच नोंदींवर उभे होते. त्याचे निष्कर्ष पुढे चुकीचे ठरले, परंतु तोवर त्यांचा आधार घेऊन वंशशुद्धीवादी विचार बराच फोफावला होता. चाचणीचे साधन हाती असणे आणि ते जबाबदारीने वापरता येणे यांतील अंतर या प्रकरणात स्पष्ट दिसते.

मनोरुग्णालयाचे दार मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना बोस्टनमध्ये उघडले. बोस्टन सायकोपॅथिक हॉस्पिटलमध्ये १९१३ पासून रॉबर्ट यर्क्स यांच्या देखरेखीखाली इंटर्न काम करू लागले. येथे शाळकरी मुलांऐवजी तीव्र मनोविकारांचे प्रौढ रुग्ण होते आणि मानसशास्त्रज्ञाला मनोविकारतज्ज्ञाच्या शेजारी बसून काम करायचे होते. पुढे मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर स्टेट हॉस्पिटल हे अशा प्रशिक्षणाचे नामांकित केंद्र झाले. १९२८ ते १९४६ या काळात तेथील मुख्य मानसशास्त्रज्ञ असलेले डेव्हिड शॅको यांनी इंटर्नशिपला शिस्त लावली. रुग्णाची नोंद कशी लिहावी, चाचणीचा अहवाल डॉक्टरांना उपयोगी पडेल असा कसा मांडावा, केस कॉन्फरन्समध्ये आपले मत पुराव्यानिशी कसे सांगावे, हे तेथे रोजच्या कामातून शिकवले जाई.

महायुद्ध आणि बोल्डरची परिषद

दुसऱ्या महायुद्धापर्यंत अमेरिकेत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवण्यासाठी एकसारखी अट नव्हती. युद्धाने परिस्थिती पालटली. लाखो सैनिक परतले आणि माजी सैनिकांच्या रुग्णालयांत निम्म्याहून अधिक खाटा मानसिक आणि मज्जाविकारांच्या रुग्णांनी भरल्या. त्यांच्यासाठी मनोविकारतज्ज्ञ पुरेसे नव्हते. १९४६ साली अमेरिकेच्या व्हेटरन्स अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या सरकारी खात्याने २२ विद्यापीठांशी जोडून प्रशिक्षण योजना सुरू केली आणि पहिल्याच टप्प्यात सुमारे २०० विद्यार्थी घेतले. त्यांना मानधन मिळे, ते रुग्णालयात काम करत आणि विद्यापीठात पीएच.डी.चा अभ्यास करत. विद्यापीठ आणि रुग्णालय यांनी वाटून घेतलेल्या जबाबदारीचा हा मोठा प्रयोग होता.

१९४७ साली शॅको यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनला अहवाल सादर केला. चार वर्षांच्या डॉक्टरेट अभ्यासक्रमातील तिसरे वर्ष पूर्णपणे इंटर्नशिपसाठी ठेवावे, ही त्यातील कळीची शिफारस होती. आधी सिद्धान्त, मग चाचण्यांचा सराव, मग रुग्णालय आणि शेवटी रुग्णालयातून पडलेल्या प्रश्नांवर प्रबंध, असा तो क्रम होता. १९४९ च्या ऑगस्टमध्ये कोलोरॅडो राज्यातील बोल्डर येथे भरलेल्या परिषदेने हा आराखडा स्वीकारला. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हा संशोधकही असावा आणि व्यावसायिकही, ही भूमिका ‘बोल्डर मॉडेल’ या नावाने ओळखली जाते. १९७३ साली व्हेल येथील परिषदेने संशोधनापेक्षा रुग्णसेवेवर अधिक भर देणाऱ्या पीएस्‌वाय.डी. पदवीला मान्यता दिली, परंतु देखरेखीखालील इंटर्नशिप दोन्ही मार्गांत कायम राहिली. २००० नंतरच्या काळात अमेरिकेत इंटर्नशिप मागणारे विद्यार्थी अधिक आणि जागा कमी अशी टंचाई निर्माण झाली. अभ्यासक्रम वाढवणे सोपे असते, मार्गदर्शकासह रुग्णालयातील जागा वाढवणे कठीण असते, हे त्या अनुभवाने दाखवले.

ब्रिटनमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलला जोडलेल्या इन्स्टिट्यूट ऑफ सायकिअ‍ॅट्रीत हान्स आयझेंक यांच्या विभागात पदव्युत्तर प्रशिक्षण उभे राहिले. सरकारी आरोग्य यंत्रणेतच विद्यार्थी घडवायचा, ही ब्रिटिश पद्धत होती. भारतातील प्रशिक्षणही पुढे सरकारी रुग्णालयांतच रुजले.

भारतातील पाया

भारतात मानसशास्त्राचा पहिला विद्यापीठीय विभाग १९१६ साली कलकत्त्यात नरेंद्रनाथ सेनगुप्ता यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. त्याच शहरात डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली, १९३३ साली कारमायकेल मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मानसिक विकारांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला आणि १९४० साली लुंबिनी पार्क हे मनोरुग्णालय उभे राहिले. मनोविश्लेषणाच्या परंपरेत शिकणाऱ्याचे स्वतःचे विश्लेषण आणि ज्येष्ठाच्या देखरेखीखाली हाताळलेले रुग्ण या दोन्ही गोष्टी अनिवार्य होत्या. गुरूच्या नजरेखाली रुग्ण पाहण्याची ही देशातील आरंभीची संघटित पद्धत म्हणता येईल. मात्र तिचा विस्तार मोजक्या लोकांपुरता राहिला.

रांची येथे १९१८ साली युरोपियन रुग्णांसाठी मनोरुग्णालय उघडले. अधीक्षक ओवेन बर्कली-हिल यांच्या काळात, १९२२ साली, लंडन विद्यापीठाच्या मनोविकारशास्त्रातील पदविकेसाठी त्याला मान्यता मिळाली. ही सोय डॉक्टरांसाठी होती. मानसशास्त्राच्या पदवीधरांना तेथे अजून स्वतंत्र स्थान नव्हते.

मुंबईत वेगळी वाट निघाली. १९३६ साली क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या संचालकपदाखाली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले, तेच आजचे टाटा सामाजिक विज्ञान संस्थान. या शाळेने १९३७ साली मुंबईत बालमार्गदर्शन केंद्र काढले. ते भारतातील पहिले मानले जाते. १९३८ साली डॉ. के. आर. मसाणी यांनी जे. जे. रुग्णालयात मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. मुलाकडे डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता या तिघांनी मिळून पाहायचे, ही बालमार्गदर्शन केंद्रांची रीत होती. आज प्रत्येक प्रशिक्षणार्थी ज्या बहुविद्याशाखीय चमूत काम शिकतो, त्याचे बीज या रीतीत आहे.

भोर समिती, बंगळूर आणि रांची

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, सर जोसेफ भोर यांच्या समितीने देशाच्या आरोग्याचा अहवाल दिला. सुमारे ४० कोटींच्या देशात मनोरुग्णांसाठी जेमतेम १० हजार खाटा होत्या. खाटांपेक्षाही मोठी उणीव प्रशिक्षित माणसांची होती. डॉक्टरांना देशात आणि परदेशात, तर सहायक वर्गाला देशातच मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण मिळावे, अशी शिफारस समितीने केली.

या शिफारशीतून १९५४ साली बंगळूरच्या सरकारी मनोरुग्णालयाला जोडून अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली. पहिले संचालक होते डॉ. एम. व्ही. गोविंदस्वामी. १९५५ साली तेथे दोन अभ्यासक्रम सुरू झाले : एक डॉक्टरांसाठी मनोविकारशास्त्राचा आणि दुसरा मानसशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी वैद्यकीय मानसशास्त्राचा. या दुसऱ्या पदविकेपासून भारतातील क्लिनिकल सायकॉलॉजीचे औपचारिक प्रशिक्षण सुरू होते. दोन वर्षे विद्यार्थी मनोरुग्णालयाच्या आवारात वावरणार, मनोविकारशास्त्राच्या विद्यार्थ्यांसोबत त्याच रुग्णांवर काम करणार आणि त्याच केस कॉन्फरन्समध्ये बसणार, अशी रचना झाली. पदविकेच्या नावात ‘सामाजिक’ हा शब्द नंतर जोडला गेला आणि पुढे तिचे रूपांतर एम.फिल. पदवीत झाले. १९७४ साली संस्था आणि मनोरुग्णालय एकत्र होऊन निम्हान्स, म्हणजे राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था, अस्तित्वात आली.

१९६२ साली रांचीच्या मनोरुग्णालयातही, म्हणजे आजच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ सायकिअ‍ॅट्रीत, वैद्यकीय व सामाजिक मानसशास्त्राची पदविका सुरू झाली. त्यानंतर कित्येक वर्षे बंगळूर आणि रांची हीच या पेशाची दोन प्रमुख दारे होती. एका तुकडीत मोजकेच विद्यार्थी असत. त्यामुळे संख्या लहान राहिली, पण देशभर नंतर निघालेल्या विभागांना शिक्षक पुरवले ते प्रामुख्याने या दोन संस्थांनी. १९६८ साली इंडियन असोसिएशन ऑफ क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट्स ही व्यावसायिक संघटना स्थापन झाली.

वॉर्डातील दोन वर्षे

या प्रशिक्षणाचा ढाचा गेल्या सत्तर वर्षांत बराचसा टिकून आहे. प्रशिक्षणार्थी सुरुवातीला फक्त पाहतो. मार्गदर्शक रुग्णाशी कसे बोलतो, नातेवाइकांना कोणता प्रश्न कधी विचारतो, कुठे थांबतो, हे तो टिपतो. मग सविस्तर केस हिस्टरी घेण्याचे काम त्याच्याकडे येते : तक्रार कधी सुरू झाली, कशी वाढली, घरात पूर्वी कोणाला आजार होता का, शिक्षण, नोकरी, लग्न, झोप, भूक, व्यसन. त्यानंतर मानसिक अवस्थेची तपासणी, बुद्धिमापन, व्यक्तिमत्त्व चाचण्या, मेंदूच्या कार्याच्या चाचण्या आणि शेवटी समुपदेशन व मानसोपचार, अशी जबाबदारी टप्प्याटप्प्याने वाढते. प्रौढ, मुले, व्यसनमुक्ती, मज्जाविकार आणि वस्तीपातळीवरील सेवा अशा वेगवेगळ्या पोस्टिंगमधून तो फिरतो. प्रत्येक रुग्णाची नोंद लॉगबुकात होते, ठरावीक केस रेकॉर्ड सादर करावे लागतात, प्रबंध लिहावा लागतो आणि शेवटी प्रत्यक्ष रुग्णासमोर परीक्षा होते.

देखरेखीचा अर्थ नुसती सही असा नसतो. प्रशिक्षणार्थीने लिहिलेला अहवाल मार्गदर्शक वाचतो, निष्कर्ष कोणत्या पुराव्यावरून काढला ते विचारतो आणि गरज पडल्यास स्वतः रुग्णाला पुन्हा भेटतो. आत्महत्येचा विचार बोलून दाखवणारा रुग्ण, घरातील हिंसा सांगणारी स्त्री किंवा अत्याचार झालेले मूल समोर आले, तर पुढचे पाऊल एकट्या प्रशिक्षणार्थीने ठरवायचे नसते. दुसऱ्याचे दुःख रोज ऐकताना त्याच्या स्वतःच्या मनावर येणारा ताणही याच बैठकांत बोलला जातो. रुग्णाचे संरक्षण आणि शिकणाऱ्याचे संरक्षण या दोन्ही गोष्टी या एकाच व्यवस्थेवर अवलंबून असतात.

या कामाची साधने परदेशातून आली, तरी ती इथल्या मुलांसाठी नव्याने घडवावी लागली. या घडणीत मराठी मुलखाचा वाटा महत्त्वाचा आहे. व्ही. व्ही. कामत यांनी बिने चाचणीचे कानडी आणि मराठी मुलांसाठी रूपांतर करून १९३४ साली त्यावरील संशोधन प्रसिद्ध केले. ‘बिने-कामत चाचणी’ या नावाने ती आजही प्रशिक्षणार्थींना शिकवली जाते. नागपूरच्या बालमार्गदर्शन केंद्रात डॉ. ए. जे. मालिन यांनी वेक्सलर यांच्या मुलांसाठीच्या बुद्धिमापन श्रेणीचे भारतीय रूप तयार केले. व्हाइनलँडमध्ये एडगर डॉल यांनी १९३५ साली रचलेल्या सामाजिक परिपक्वता श्रेणीचे रूपांतरही त्यांनीच केले आणि देशभरच्या विभागांत ते ‘नागपूर रूपांतर’ म्हणून ओळखले जाते. मूल स्वतःच्या हाताने जेवते का, कपडे घालते का, रस्ता एकट्याने ओलांडते का, अशा प्रश्नांतून त्याची क्षमता जोखणारी ही श्रेणी वापरायला सोपी वाटते. परंतु आई कौतुकाने वाढवून सांगते आहे की काळजीने कमी सांगते आहे, हे ओळखायला अनुभवी मार्गदर्शकाची सोबत लागते. शिवाय या निकालांवर अपंगत्वाचे प्रमाणपत्र, शाळेतील सवलत आणि सरकारी मदत अवलंबून असते. चुकीचा आकडा मुलाचे आयुष्य बदलू शकतो.

कायदा आणि विस्तार

१९९२ साली संसदेने रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजेच भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा संमत केला आणि १९९३ साली परिषदेला वैधानिक दर्जा मिळाला. अपंगांसाठी काम करणाऱ्या व्यावसायिकांच्या यादीत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा समावेश झाला. अभ्यासक्रमाला मान्यता देणे, किमान पात्रता ठरवणे आणि केंद्रीय नोंदवही ठेवणे ही कामे परिषदेकडे आली. नोंदणीविना व्यवसाय करणे हा दंडनीय गुन्हा ठरला. कोणत्या संस्थेत किती शिक्षक आणि किती रुग्ण आहेत, यावर तिला किती विद्यार्थी घेता येतील हे ठरू लागले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने देखरेखीखालील प्रशिक्षणाची अट थेट व्याख्येत नेली आणि ती अधिक पक्की केली.

१९८२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाला अकराव्या पंचवार्षिक योजनेत मनुष्यबळ विकासाची जोड मिळाली. निवडक संस्थांना मनोविकारशास्त्र, क्लिनिकल सायकॉलॉजी, समाजकार्य आणि परिचर्या या चारही शाखांत जागा वाढवण्यासाठी निधी दिला गेला. दिल्लीची इहबास, तेजपूरची लोकप्रिय गोपीनाथ बोर्डोलोई संस्था अशी केंद्रे एव्हाना प्रस्थापित झाली होती. महाराष्ट्रात पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेत क्लिनिकल सायकॉलॉजीचा अभ्यासक्रम उभा राहिला. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये असलेल्या या राज्यात रुग्णांची वाण कधीच नव्हती. प्रश्न होता तो शिकवू शकणाऱ्या मार्गदर्शकांचा.

अलीकडचा मोठा बदल शैक्षणिक धोरणातून आला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एम.फिल. पदवी बंद करण्याचे ठरवले आणि २०२२ च्या नियमावलीद्वारे विद्यापीठ अनुदान आयोगाने ते अमलात आणले. इतर विषयांत एम.फिल. ही संशोधनाची पायरी होती, तर क्लिनिकल सायकॉलॉजीत ती व्यवसायाचा परवाना होती. त्यामुळे आयोगाने या विषयासाठी आणि मनोविकार समाजकार्यासाठी २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवून दिली. दरम्यान पुनर्वास परिषदेने पर्यायी अभ्यासक्रम आखले. पदवीचे नाव बदलताना रुग्णालयातील प्रशिक्षणाचे तास, रुग्णांची विविधता आणि मार्गदर्शकाची जबाबदारी कमी होणार नाही ना, हा या स्थित्यंतरातील खरा प्रश्न आहे.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दहापैकी एकाहून अधिक प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले आणि बहुतेक विकारांत ७० टक्क्यांहून अधिक रुग्ण उपचारांपासून वंचित असल्याचे दिसले. ही गरज पाहून प्रशिक्षण आखूड करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु या पेशाचा इतिहास उलट दिशेने बोट दाखवतो. व्हाइनलँडच्या अर्धशिक्षित कार्यकर्त्यांनी केलेले नुकसान आणि बंगळूर-रांचीच्या लहान तुकड्यांनी देशाला दिलेले शिक्षक, ही दोन्ही उदाहरणे समोर आहेत. वाढवायचीच असेल तर मार्गदर्शकांची संख्या वाढवायला हवी. जिल्हा रुग्णालये, वैद्यकीय महाविद्यालये आणि प्रादेशिक मनोरुग्णालये यांत शिकवणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची पदे निर्माण करणे, ती भरणे आणि प्रशिक्षणार्थींना पुरेसे विद्यावेतन देणे, हे राज्य आणि केंद्र सरकारांचे कर्तव्य आहे. प्रशिक्षित नजरेखाली शिकलेला मानसशास्त्रज्ञ मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे आणि त्या हक्काच्या बाबतीत तडजोड होता कामा नये.